तळटीप

वार्षिक अहवाल मी शेवटाकडून वाचते.
पुढच्या पानांवर चेअरमन हसत असतात,
निळ्या काचेची इमारत असते,
आणि 'परिवर्तन' हा शब्द; एका अहवालात तो
एकतीस वेळा मोजला मी.
मागे, तळटिपांत, अक्षर मुंगीएवढं होतं
आणि खरं बोलायला लागतं.

सत्तावीस वर्षं सहकारी बँकेच्या लेजरला होते.
ज्याला लपवायचं असतं तो बारीक लिहितो,
एवढं कळायला पुरतात.

बाकी माझी पद्धत म्हणाल तर साधी.
टीव्हीवर जिचं नाव आलं ती माझ्यापुरती संपली.
कर्जवाली नको.
ऑडिटर मध्येच सोडून गेला असेल तर नकोच नको.
जिचं काम समजावून सांगताना जावई जांभई देतो
तिच्यावर पेन्सिलीने खूण करते.
मग तक्रारीच्या नंबरावर फोन लावते,
दुपारी अडीचला, डबे खाऊन सगळे सुस्तावतात तेव्हा,
आणि रिंगा मोजते.

ही तिसऱ्या रिंगला बोलली.
ट्रकच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करते.
ऊस, कोळसा, भंगार, काय वाट्टेल ते काट्यावर चढतं
आणि आकडा यांच्या पेटीतून जातो,
मधे कुणाला हात मारता येत नाही.
बाजार तिला वर्षाच्या नफ्याच्या सहापट देत होता,
त्यातली निम्मी रक्कम तर तिच्या बँकेतच पडून.
जगाचं वजन करणारीला
कुणी काट्यावर नीट उभंच केलं नव्हतं.

तरी मी डोळ्यांनी पाहून येते.
मुलुंडहून बस, मरोळला उतरून एमआयडीसीत चालत,
गल्लीच्या तोंडाशी रामसजीवनची टपरी.
तिसऱ्या मजल्यावर रोज चाळीस कटिंग, तो म्हणाला,
दिवाळीपासून पंचावन्न.
पाच तारखेला हिशोब चुकता.
समोरचे ॲपवाले, ज्यांच्या हापिसात झोपाळा आहे,
त्यांचे तीन महिने थकलेत.
त्याची वही तेलकट होती, कोपरे दुमडलेले.
इतकी स्वच्छ बाकी
मी हेड ऑफिसातही पाहिली नव्हती.

अठ्ठेचाळीसच्या भावाने दोन हजार शेअर घेतले.
ग्रॅच्युइटीतून. कुणाला न सांगता.

पुढच्या खेपेला ग्लास विसळता विसळता तो म्हणाला,
"ताई, मी पण घेऊ काय थोडा?
गावच्या घराला स्लॅब टाकायचा आहे, साठ हजार ठेवलेत."

एकदा पेजरच्या कंपनीत
नणंदेचे पैसे लावले होते मी.
अजून पंगतीत ती मला वाढते,
पण आधी बाकीच्यांना.

"स्लॅब टाक," म्हटलं.
त्याने मान हलवली
आणि गाळणी आपटून चोथा बादलीत टाकला.

चार वर्षं झाली. परवा दोनशे नव्वद होता.
टीव्हीवर एक टायवाला पोरगा
वजनकाट्यांविषयी आवेशाने बोलत होता,
म्हणजे माझी वेळ झाली.
अर्धे विकले. उरलेले विकायला बोट धजेना,
याला नियम नाही.

काल मरोळला गेले होते.
काम नव्हतं.
त्याने मोबाइलवर फोटो दाखवला:
नवा स्लॅब, त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या,
कडेला त्याची आई, उन्हात डोळे बारीक करून.
छान झालं, म्हटलं. खरंच छान होतं.
भाव त्याला माहीत आहे,
तिसऱ्या मजल्यावरची पोरं चहाला येतात ती तेच बोलतात.
तो काही म्हणाला नाही.
फक्त पैसे घेतले, पूर्ण पंधरा रुपये.
आधी माझे घेत नसे.

रात्री वही उघडली.
पंधरा रुपये, चहा.
जमेला की नावे, ते ठरेना,
म्हणून पानाच्या तळाशी लिहिलं.

बारीक.